पांढऱ्या दोऱ्याची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. अंगात बारा व्होल्टचं बळ असून भित्री, याचं तुम्हाला हसू येईल. पण जरा माझ्या जागी बसून बघा. पोटात ॲसिड, डोक्यावर शिशाची दोन टर्मिनलं, एक प्लस आणि एक मायनस. त्या दोन्हींवर चुकून एखादा पाना आडवा पडला तरी आमची राखरांगोळी व्हायची. अशा जिवाने शूर तरी कसं व्हावं?

माझी बहीण आणि मी एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालो. कारखान्यातून आम्हाला मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात आणलं आणि शेजारी शेजारी फळीवर ठेवलं. खालच्या फळीवर परत आलेली एक म्हातारी बॅटरी होती. तिचं झाकण उडालेलं होतं आणि एक कोपरा पार फाटलेला होता. तिनेच आम्हाला सांगितलं, की चार्ज होताना आपल्या पोटातून वायू निघतो. तो बंद जागेत साचतो. अशा वेळी कुणी मोटर चालू असतानाच वायर ओढली तर ठिणगी पडते, आणि मग जे व्हायचं ते होतं.

"आणि वायर ओढणारा माणूस?" माझ्या बहिणीने विचारलं.

"त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून नेलं," म्हातारी म्हणाली.  त्या दिवसापासून ठिणगीची जी धास्ती माझ्या मनात बसली, ती आजतागायत गेलेली नाही.

आम्हाला विकत घेतलं व्हर्लन हॅथकॉकने. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तिशाबी तळ्याजवळ त्याचं घर. व्हर्लन सुतार होता. गावातली निम्मी दारं-खिडक्या त्याच्या हातची, आणि त्यांत केसभर फट सापडायची नाही. कामातून मोकळा झाल्यावर तो आणि त्याची बायको आर्डिथ मिळून मासे धरायला जात. होडीच्या नाकाशी दोघांच्या दोन खुर्च्या, समोर पंख्यासारख्या पसरलेल्या गळाच्या आठ लांब काठ्या, आणि नाकावर एक विजेची मोटर. क्रॅपी नावाचा चपटा, चंदेरी मासा फार बुजरा. पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज आला की तो पसार होतो. म्हणून माशांच्या जागेपर्यंत इंजिनाने जायचं, ते बंद करायचं, आणि मग आमच्या बळावर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं.

मोटर चोवीस व्होल्टची होती, म्हणून आम्हा दोघींना मिळून काम करावं लागे. माझ्या मायनसपासून बहिणीच्या प्लसपर्यंत एक आखूड वायर. मग माझं प्लस मोकळं उरायचं आणि तिचं मायनस. मोटरची लाल वायर माझ्या प्लसवर, काळी वायर तिच्या मायनसवर. एवढं जमलं की झालं. हे उलटं झालं तर ती जुन्या बांधणीची मोटर बंद पडत नसे, ती उलटी फिरे. पुढे चल म्हणावं तर होडी मागे जाई.

आमच्याकडे मात्र हे कधी उलटं झालं नाही. व्हर्लनकडे चार्जर एकच, त्यामुळे प्रत्येक खेपेनंतर तो आम्हाला सोडवून शेडमध्ये आणायचा, एकेकीला चार्ज करायचा आणि पुन्हा होडीत बसवायचा. वायर हातात घेतली की तो तिच्या टोकावरून अंगठा फिरवायचा. लाल वायरीच्या टोकाशी आर्डिथने पांढऱ्या जाड दोऱ्याची एक गाठ मारून ठेवली होती. अंगठ्याला गाठ लागली की तो ती वायर निःशंकपणे माझ्या प्लसवर बसवायचा आणि नट आवळायचा. मला वाटे, बायकोने मारलेली गाठ आहे, प्रेमाने चाचपत असेल. मी तेव्हा नवी होते, मला काय कळणार?

शेडच्या खिडकीतून परसबाग दिसायची. तिथे मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. टोमॅटो खुडायला नेहमी आर्डिथच जायची. एकदा ती गावाला गेली असताना व्हर्लनने टोपलीभर खुडून आणले, तर त्यांतले निम्मे हिरवेगार होते. परत आल्यावर तिने टोपलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं झालं. मला लोणचंच घालायचं होतं." 

अशी आमची चार वर्षं गेली. व्हर्लन महिन्याच्या महिन्याला आमची झाकणं उघडून शुद्ध पाणी घालायचा, टर्मिनलांवरचं पांढरं किटण ब्रशने घासायचा. तळ्यावरचे लोक म्हणायचे, "व्हर्लनच्या बॅटऱ्या त्याच्या दारांसारख्या, कधी कुरकुरत नाहीत." मला बरं वाटायचं. भीती मात्र होतीच. दर वेळी झाकण उघडलं की मी आधी मोटरचं बटण बंद आहे ना ते बघायची.

मग हॉइटने त्याचं भलं करायचं ठरवलं.

हॉइट हा आर्डिथचा धाकटा भाऊ. मनाने लोण्यासारखा, पण हातात पक्कड आली की दुसऱ्याचं सामान सोडायचा नाही. व्हर्लनच्या वाढदिवसाला तो शेडमध्ये आला. आमच्या जुन्या वायरींना भेगा पडल्या होत्या, हे खरंच होतं. त्याने त्या सगळ्या उपसून काढल्या, नव्याकोऱ्या चकचकीत वायरी घातल्या, आणि जुन्या वायरी गाठीसकट कचऱ्याच्या पिंपात टाकल्या.

"बघा दाजी," दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हर्लनला म्हणाला. "लाल म्हणजे कशी लाल! आंधळ्यालासुद्धा दिसेल."

व्हर्लन हसला. पण मला त्याचा चेहरा जवळून दिसत होता, आणि ते हसू ओठांपुरतंच होतं.

त्या सकाळी तळ्यावर जायचंच होतं. डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. ती फुलली की क्रॅपी काठाला येतात हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शनिवारी चर्चमध्ये साठ माणसांचं माशांचं जेवण होतं आणि मासे आणायचं आर्डिथने अंगावर घेतलं होतं. ती स्वयंपाकघरात बिस्किटांत, म्हणजे तिकडच्या मऊ पावांत, सॉसेज भरत होती. शेडमध्ये व्हर्लन, आणि आपली कामगिरी बघायला उभा राहिलेला हॉइट.

आम्ही रात्रभर पाळीपाळीने चार्ज होऊन तुडुंब भरलेल्या. व्हर्लनने आम्हाला होडीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. आखूड वायर त्याने बरोबर लावली, कारण आमच्या अंगावर प्लस-मायनसच्या खुणा उठावाच्या असतात आणि त्या बोटांना कळतात. मग त्याने मोटरच्या दोन वायरी हातात घेतल्या. दोन्हींच्या टोकांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. दोन्ही गुळगुळीत. त्याने त्या खिडकीशी उजेडात धरल्या. डोळे बारीक केले.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. व्हर्लनला लाल आणि काळा यांत फरकच दिसत नव्हता. त्याच्या डोळ्यांना दोन्ही वायरी काळ्याच होत्या. इतकी वर्षं त्याचा अंगठा जे शोधत होता, तेच काल पिंपात गेलं होतं.

"काय बघताय एवढं?" हॉइट म्हणाला. "दागिना आहे का तो?"

"छान आहेत," व्हर्लन म्हणाला. दारापर्यंत जाऊन आर्डिथला एक हाक मारायची, एवढंच करायचं होतं. पण मेहुणा समोर उभा होता, आणि हा मेहुणा दुपारपर्यंत ती गोष्ट अख्ख्या तळ्याकाठी करणार होता. व्हर्लनने एक वायर उचलून माझ्या प्लसवर बसवली.

ती काळी होती. मला स्वच्छ दिसत होती. मी आतल्या आत ओरडत होते, अरे चुकलं, काढ ती. पण बॅटरीचा आवाज कोणाला ऐकू येतो? त्याने नट आवळले, कप्प्याचं झाकण लावलं, आणि मी अंधारात थरथरत राहिले.

तळ्यावर पोहोचेपर्यंत वारा उठला होता. इंजिन चालू होतं तोवर चूक कळायचं कारणच नव्हतं. मैलभर गेल्यावर एक आडोशाची खाडी आली. तिच्या तोंडाशी पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे होते. व्हर्लनने इंजिन बंद करून वर उचललं, होडीचं नाक खाडीकडे केलं, मोटर पाण्यात सोडली. आर्डिथने काठ्या मांडल्या. तिला पोहता येत नव्हतं, आणि पाठ दुखते म्हणून लाइफ जॅकेट ती उशीसारखं पाठीशी घेऊन बसायची.

व्हर्लनने पेडल दाबलं. आमच्यातून वीज निघाली. होडी मागे गेली.

"व्हर्लन, आपण मागे चाललोय."

"वारा आहे गं."

"वारा माझ्या पाठीवर आहे," आर्डिथ म्हणाली. "तो आपल्याला पुढे ढकलेल, मागे कसा ओढेल?"

 व्हर्लनला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण कळणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. त्याने मोटरचं तोंड फिरवून पाहिलं. पण पेडलाची तार पाव वळणापलीकडे जाईना. मग त्याने वेग वाढवला आणि सतत चालू राहायचं बटण लावलं. जणू जोर लावला की मोटर आपलं मत बदलेल. होडीची मागची बाजू लाटांत घुसली आणि पहिली लाट वरून आत आली. ती थेट आमच्या कप्प्यात शिरली. मार्चचं पाणी, बर्फासारखं. मी माझ्या बहिणीला म्हटलं, आपण बुडतोय. ती म्हणाली, गप्प बस आणि काम कर. पण तिचाही आवाज कापत होता.

दुसरी लाट आली. तिसरी आली.

व्हर्लन इंजिन सुरू करायला मागे धावला. त्याच्या वजनाने मागची बाजू आणखी खाली गेली. इंजिन खाली सोडलं, दोरी ओढली, ते पेटलं. त्याने गिअर टाकला मात्र, पाण्याखाली खाडकन आवाज झाला. पंखा बुंध्यावर आपटून आतली खीळ तुटली होती. इंजिन नुसतंच किंचाळत राहिलं आणि पंखा फिरेना. त्याने ते बंद केलं. पुढे आमची मोटर तशीच चालू होती, होडीला उलटी ओढत होती, आणि घोट्यापर्यंत पाणी आलं होतं.

"जॅकेट घाल," तो आर्डिथला म्हणाला.

"तुला काय झालंय ते आधी सांग."

"घाल म्हणतो ना."

तिने घातलं. व्हर्लन गुडघ्यांवर बसला आणि त्याने आमच्या कप्प्याचं झाकण उघडलं. रात्रभर पोटात साचलेला वायू आता आमच्या भोवती कोंडला होता. मोटर चालू होती. त्याचा चेहरा माझ्यावर वाकला होता, इतका जवळ की त्याचा श्वास मला लागत होता. त्याने माझ्या प्लसवरचा नट सैल केला आणि वायर ओढायला बोटं घातली.

माझ्या डोळ्यांसमोर ती फाटक्या कोपऱ्याची म्हातारी उभी राहिली. मला स्वतःचं काही वाटलं नाही, खरं सांगते. मला त्याच्या डोळ्यांचं वाटलं.

आणि तेव्हा तो म्हणाला. वायर ओढायच्या आधी म्हणाला. "आर्डिथ, मी वायरी उलट्या लावल्यात. मला लाल कुठली ते दिसत नाही. मला कधीच दिसलं नाही."

"हात काढ," ती म्हणाली.

"काय?"

"वायरीवरचा हात काढ. मोटर चालू आहे. आधी मी बटण बंद करते." तिने वाकून बटण बंद केलं. मोटरची घरघर थांबली. वाऱ्याने होडी हळूहळू बुंध्यांकडे वाहू लागली. "आता झाकण उघडं राहू दे. वारा जाऊ दे आत. दहा आकडे मोज."

"बुंधे जवळ येतायत."

"येऊ देत. मोज."

त्याने मोजले. दहा आकडे इतके लांब असतात हे मला तेव्हा कळलं. वारा कप्प्यातून फिरून गेला. मग ती खुर्चीवरून मागे वळून म्हणाली, "आता काढ दोन्ही. उजव्या हातात आहे ती लाल. ती मोठा ओरखडा असलेल्या बॅटरीवर, तिच्या प्लसवर. हां. डावीकडची दुसरीच्या मायनसवर. दाबून आवळ."

मोठा ओरखडा असलेली ती मी. माझ्या प्लसवर लाल वायर बसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

आर्डिथने मोटर सुरू केली. होडीचं नाक पुढे झेपावलं. एक बुंधा आमच्या कुशीला घासून गेला, दोन काठ्या मोडल्या, पण आम्ही खाडीच्या आत शिरलो. व्हर्लनने आमिषाच्या बादलीतले छोटे मासे तळ्यात सोडून दिले आणि त्या बादलीने पाणी उपसायला लागला. तसेच आम्ही काठाला लागलो.

काठावर दोघं ओल्या कपड्यांत शेजारी बसले. बिस्किटं भिजून लगदा झाली होती. व्हर्लनला थर्मासचं झाकण उघडेना. तिने उघडून दिलं.

"तुझा जीव घेतला असता मी आज," तो म्हणाला.

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाच्या दिवसापासून. एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून आला होतास."

व्हर्लन तळ्याकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, ती गाठ तू तुझ्या लक्षात राहावं म्हणून मारतेस."

"मला लाल दिसतं, व्हर्लन."

"मग बोलली का नाहीस? एकेचाळीस वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "आणि चुकलेच मी. गाठी मारत बसण्यापेक्षा एकदा विचारायला हवं होतं."

मग त्याने तिला शाळेतली गोष्ट सांगितली. लहानपणी त्याने झाडाची पानं तपकिरी आणि खोड हिरवं रंगवलं होतं. बाईंनी ते चित्र भिंतीवर लावलं आणि सगळा वर्ग आठवडाभर हसला. तेवढंच. त्या एका आठवड्याच्या भीतीने एका शहाण्या माणसाला आयुष्यभर गप्प ठेवलं होतं. मी भित्री, पण माझी भीती निदान ठिणगीची होती.

शनिवारी चर्चमध्ये मासे हॉइटने आणले. व्हर्लनने त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. एवढंच पाहिलं, की रविवारी हॉइट शेडमध्ये एकटा आला, कचऱ्याच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घालून जुनी वायर शोधत राहिला, आणि तिचा दोरा सोडवून आर्डिथकडे घेऊन गेला. तिने त्याचीच गाठ नव्या लाल वायरीला मारली.

त्यानंतर आम्ही आणखी तीन वर्षं काम केलं. मग व्हर्लन गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि आमच्याकडे बघायचं राहून गेलं. पाणी आटलं, आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या. बहीण आधी गेली. मी शेडमधल्या होडीच्या कप्प्यातच, वायरीसकट, कोळिष्टकांत पडून राहिले. आता मला वितळवायला नेणार आहेत. आमच्या शिशाच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या होतात असं म्हणतात. तरीही मला भीती वाटते. स्वभाव मेल्याशिवाय जात नाही.

पण काल एक गोष्ट झाली. व्हर्लन बरा झाला आहे. त्याने दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. शेडमध्ये हॉइट होता, चर्चमधले आणखी तिघं होते, सगळे कॉफी पीत गप्पा मारत होते. माझ्यावरची वायर काढताना दोरा इतका जुना झाला होता की ती गाठ तुटून त्याच्या हातात आली. त्याने दोन्ही वायरींची टोकं चाचपली. मी कप्प्यातून बघत होते आणि माझ्या उरलेल्या दोन-चार व्होल्टांचं पाणी पाणी झालं होतं.

व्हर्लन दारात गेला आणि सगळ्यांसमोर, अंगणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आर्डिथ, जरा ये गं. लाल कुठली ते सांग."

कोणी हसलं नाही. हॉइटने तर स्वतःहून बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी बॅटरी असेल तर तिला वेळेवर पाणी द्या. वायर काढण्याआधी बटण बंद करा आणि झाकण उघडून वारा लागू द्या. आणि तुम्हाला जे दिसत नाही, ते दिसत नाही म्हणून सांगा. माझ्या प्लसवर त्या दोऱ्याचे दोन-तीन धागे अजून चिकटलेले आहेत. उद्या मला न्यायला गाडी येईल, तेव्हा ते तसेच राहू द्यावेत, एवढंच माझं मागणं आहे.